एकमत होईपर्यंत कोणी उठायचं नाही

आदरणीय मामांच्या पायांवर डोकं,

मी इथे धडधाकट आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामी काय म्हणते ते विचारत नाही, ते इथपर्यंत ऐकू येतं. (फोनच केला असता, पण या ऑफिसात भिंतींनाही कान आहेत.)

पत्रास कारण आमचे मोठे साहेब. चार दिवस कुठल्याशा शिबिराला गेले आणि येताना रानातल्या लोकांचं शहाणपण घेऊन आले. चार दिवसांत! आपल्याला जन्म काढून जमलं नाही. त्यात त्यांना कुणीतरी सांगितलं, की आपला चहावाला रानातलाच. झालं. मला खुर्चीत बसवून विचारलं, तुमच्याकडे निर्णय कसे घेतात? मी सांगितलं, गोल बसतात, ज्याच्यावर बेततं त्यालाही बसवतात, आणि एकमत होईपर्यंत कोणी उठत नाही. साहेबांचे डोळे पाणावले. टेबल बाहेर गेलं, सतरंजी आली.

सोमवारी पहिली बैठक. साहेबांसकट नऊ जण, सगळे घट्ट पँटीत. मांडी घालताना एकाची शिवण गेली, तो दिवसभर भिंतीला चिकटून. साहेबांनी विषय वाचला: चहाचं मशीन आणायचं, चहावाल्याला काढायचं. मी कप गोळा करत होतो, तो तिथेच बसलो. बेतत होतं माझ्यावरच ना? नऊ हात वर गेले. मी म्हटलं, माझं एकमत नाही.

मग मला समजवायला लागले. मशीन किती गुणी, उलटून बोलत नाही, गावाला जात नाही. मी मान डोलावली आणि बसून राहिलो. त्यांना मांडी घालायची सवय नाही, मला घातलेली मोडायची नाही. चार वाजता एकाचे पाय बधिर झाले. दुसरा म्हणाला, "निदान चहा तरी." सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. पण उठतो कसा? नियम. सहाला तो शिवणवालाच कळवळून म्हणाला, "राहू द्या हो याला, मला घरी जायचंय." लगेच एकमत. मशीन रद्द.

मामीला नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. साहेबांना आता आणखी शहाणपण हवंय. एकटाच माणूस अडून बसला तर तुम्ही काय करता, हे ते गुरुवारी तुम्हालाच फोन करून विचारणार आहेत. माझी नोकरी तुमच्या जिभेवर आहे. सांगा, की अशा माणसाला आम्ही फार मान देतो.

ता. क. दुसरा. माझं काय केलंत ते सांगू नका. विहिरीच्या जागेवरून मी तीन दिवस अडून बसलो आणि तुम्ही सगळ्यांनी एकमताने, जरा जग बघून ये, म्हणत मला गाडीत बसवलंत, ते तर नकोच. आणि तिथे पाणी लागलं असेल, तर तेही कळवू नका.