बकरीचं दूध आणि माझ्या पेशी

६ ऑक्टो.
CD4 पेशींचा रिपोर्ट आला. १६४. हव्यात पाचशेच्या वर. सहा महिन्यांपूर्वी १५८. दोन वर्षांत एक गोळी चुकवली नाही, आणि वाढल्या किती, तर सहा! डॉ. बाईंना विचारलं, "वायरस तो दबा हुआ है ना?" "बिल्कुल. पर आप आए ही देर से." म्हणजे एचआयव्हीशी लढणाऱ्या पेशी त्यानंच आत शिरून संपवल्या. आता तो गप्प आहे, तरी त्या भरून येत नाहीत. थांबा म्हणे. किती थांबू?

९ ऑक्टो.
आई आली अमरावतीहून. "किती वाळला रे बाबू!" डेंग्यू होऊन गेला म्हणून सांगितलं, प्लेटलेट्स कमी आहेत. आर. के. पुरममध्ये सध्या घरोघरी डेंग्यू, खपून गेलं. खरं सांगायची हिंमत नाही.

१२ ऑक्टो.
शेजारच्या भाटियाआंटीनं आईला बकरीचं दूध सुचवलं. झालं! सकाळीच मुनिरका गावात जाऊन समोर धार काढून आणली. आणि कच्चंच पाजायचं. "उकळलं का ताकद जाते त्याची." डॉ. बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलंय, इतक्या कमी पेशींवर कच्चं दूध अजिबात नाही. बाल्कनीतल्या मनीप्लांटला ओतलं.

१५ ऑक्टो.
रोज एक पेला. वर पपईच्या पानांचा रस. जिन्यात जो तो विचारतो, "प्लेटलेट्स कितने हुए, भाईसाहब?" डोकं उठलंय. आज आईवर ओरडलो, नको म्हटलं ना! गुडघे दुखत असताना तीन जिने चढून आली होती. वाईट वाटलं. माफी मात्र मागितली नाही.

१८ ऑक्टो.
आई कुंडीपाशी उभी होती. मातीला आंबूस वास, मुंग्याही लागल्यात. जेवताना एकदम, "भाटियाबाईच्या पोराच्या आठ दिवसांत भरल्या. तुह्याच काहून नाही भरत?" मी भाजीत मीठ कमी आहे म्हटलं. मीठ बरोबर होतं.

१९ ऑक्टो.
सकाळी घरभर वास. दूध उकळत होतं, बकरीचंच. न सांगता. पेला पुढ्यात ठेवून समोर बसली. "आता पे. अन् काय झालं ते सांग मले."
प्यालो सगळं. ऑफिसला उशीर होतोय म्हटलं. "होऊ दे."
आंघोळीला जातो सांगून वही घेऊन आत आलोय. वीस मिनिटं झाली. गीझरचं बटण बाहेर आहे. ते मी लावलंच नाही, आणि ते तिच्या समोरच आहे.