देवदाराने ऐकलेले

तीर्थरूप ताईस,
धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार.

माझी प्रकृती ठीक असून दोन्ही वेळा वेळेवर जेवतो. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजी अजूनही औषध टाळतात का?

‘सामान आवर आणि कायमचा ये’ असे तू लिहिलेस, त्याचे उत्तर देतो.

हिचा कुंडीतला ठेंगणा देवदार खिडकीबाहेर ठेवला आहे. तिच्या पश्चात तो नखभरही वाढलेला नाही. समोरच्या दलदलीत बोरूवटवट्या नावाचा चिमणीएवढा पक्षी आहे. गेले आठ दिवस तो सकाळी देवदारावर निमूट बसतो आणि मग बोरूच्या बेटात जाऊन हिची शीळ घालतो. तिसऱ्या सुरानंतर ती दम घेत असे. तसाच तोही थांबतो.

माळीबुवांना विचारले. ते म्हणाले, “साहेब, हे यंदाचं पिल्लू. बाईसाहेबांना जाऊन दीड वर्ष झालं, यानं त्यांना कुठून ऐकायचं? तुमच्याच कानांत तेल घाला.”

म्हणजे पक्ष्याला गळा आहे, परंतु त्याने तिला ऐकलेले नाही. झाडाने सारे ऐकले आहे, परंतु त्याला गळा नाही.

काल पक्ष्याने तिचा खोकला काढला. तो खोकला शेवटच्या महिन्यातला होता.

शेवटच्या आठवड्यात देवदार तिच्या उशाशी असे. मला बाहेर पाठवून ती त्याच्याशी बोलायची. काय, ते तिने मला कधीच सांगितले नाही.

म्हणून मी तूर्त येत नाही.

तुझे न ऐकणारा, तरी तुझाच,
धाकटा