जावयाचा जिताडा

आये, बांध परत फुटलाय. तुझा कळव्याचा नाही, तिथे आता इमारती उभ्या आहेत. माझ्या सासरचा, डोंबिवलीपलीकडच्या खाडीवरचा. गेल्या भाद्रपदाच्या उधाणात खारं पाणी शेतात शिरलं. आता चैत्र लागला तरी माझा मुलगा तेच म्हणतोय, "आई, सोड आता. काय राहिलंय त्या जमिनीत?" अगदी बाबांचाच सूर! मी म्हटलं, बांध घालायचा म्हणजे घालायचा.

आपला बांध फुटला तेव्हा स्वराज्य येऊन थोडीच वर्षं झाली होती, आणि मी नुकती साडी नेसायला लागले होते. पाणी ओसरलं तसं शेत पांढरं पडलं. बाबा मिठागरवाल्याशी बोलूनच घरी आले. तू चुलीपुढे बोंबील साफ करत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "मीठ वाहून माजे पाय फुटले. आता माजे शेतान पन मीठ? नाय." बाबा उसळले, "मंग काय खायाचं? तुजा हट्ट?" तू म्हणालीस, "एक पावसाला दे मना. नाय पिकला भात, तर दे तुज्या मिठागराला." बाबांनी मिठागरवाल्याला पावसाळ्यानंतर यायला सांगितलं.

शेतकी खात्याचा एक माणूस तेव्हा गावोगाव फिरायचा. शेत गेलं तर निदान तळ्यात मासे वाढवा, असं तो तुला सांगून गेला. तू कल्याणहून कटल्याची पिल्लं मडक्यात घालून आणलीस. वाटभर मडक्यातलं पाणी हाताने हलवत, गाडीने ठाण्याला उतरून खाडीचा पूल चालत मागे कळव्याला. आणि आणून सोडलीस कुठे, तर घरामागच्या तळ्यात, जिथे आपला जिताडा होता! खाडीतून बोटाएवढं पिल्लू आणायचं, तळ्यात वाढवायचं आणि लेकीच्या लग्नात जावयाच्या पंगतीला काढायचं, ही आपली रीत. तो माझ्या लग्नाचा जिताडा. मी त्याला रोज मूठभर जवळा टाकायची. जिताडा दुसरे मासे खातो हे तुला ठाऊक नव्हतं होय? पण तो आपल्या लेखी मासा राहिलाच नव्हता गं, घरातलाच झाला होता. चार दिवसांत तळं साफ. बायका विहिरीवर हसल्या, "काय गो, जावयाला न्याहारी घातलीस?" तू त्यांच्यासोबत हसलीस, पण घरी येऊन तळ्याकडे बघत उभी राहिलीस.

चैत्रात गाव बांधाला हात लावायला तयार झाला. हात लावणाऱ्याला पोटभर जेवण, हा आपला नेम, आणि घरात रेशनचा किडका तांदूळ. मी पाण्याची घागर घेऊन येते तर चुलीवर मोठं पातेलं, आणि आत जिताड्याचं डोकं. मी किंचाळले, "माजा होता तो!" तू म्हणालीस, "व्हय, तुजाच." आणि माझ्या हातात पळी दिलीस, "वाढ."

मी वाढलं. रडत, रागाने, चिखलाने माखलेल्या माणसांच्या पानात माझं लग्न वाढलं. मग पुष्कळ दिवस मी तुझ्याशी सरळ बोलले नाही.

बांध पावसाआधी झाला. तू शेतात पावसाचं पाणी कोंडायचीस, चिखल तुडवायचीस आणि ओहोटीला बांधातल्या उघाडीचं दार उघडून खार खाडीत सोडून द्यायचीस. परत कोंडायचं, परत सोडायचं. रोज पाणी जिभेवर घेऊन थुंकायचीस. एक दिवस थुंकली नाहीस, गिळलंस, आणि म्हणालीस, "चल, रोप काढ." जाळ्याच्या दोरीला गाठी मारून तू सरळ ओळीत लावणी केलीस. बायका म्हणाल्या, "शेत शिवते का काय ही?" शिवलंसच तू ते. दिवाळीला भात कमरेएवढा होता. तळ्यात दुसऱ्या खेपेची पिल्लंही जगली, कारण खायला कोणी उरलं नव्हतं.

माझ्या लग्नात पंगतीला कटला आला तेव्हा सासूने तोंड वाकडं केलं, "जिताडा कुठंय?" तू भाताचं भांडं घेऊन तिच्यापुढे बसलीस. "जिताडा बांधान हाय, विहीनबाय. जेव, भात आपला हाय." त्या दिवशी माझा राग गेला. सगळा नाही, पण बराच.

आता माझ्या तळ्यातही एक जिताडा आहे, नातीचा. तिचं लग्न वैशाखात. ती त्याचे फोटो होणाऱ्या नवऱ्याला पाठवत असते. परवा गावातली माणसं बांधाला येतायत, कारण जेसीबी या चिखलात उतरत नाही. सगळे म्हणाले, "म्हातारे, येतो आम्ही, पन पंगत पयलेसारखी पायजे." पावसाळ्यात तळ्यात कटल्याची पिल्लंही सोडायचीत. मी ठरवलंय, जिताडा या पंगतीला काढायचा, यात मागे हटणं नाही.

फक्त नातीला अजून सांगितलेलं नाही. तू मला आधी का नाही सांगितलंस, हा उरलेला राग मी इतकी वर्षं धरून होते. आज सकाळपासून तिच्या दारापर्यंत जाते आणि परत येते, म्हणून हा कागद घेऊन बसले. तो कुठे जायचा नाही, हे मलाही कळतंय. आये, तुलाही तेव्हा शब्द सापडला नव्हता, होय ना?