हमीचं म्हणायचं

माय, आज भाऊबीज आहे आणि तुझा लेक अजून आलेला नाही. पाट मांडलाय, ताट वाढून झाकलंय, निरांजनातलं तूप दोनदा थिजलं. गावातल्या गावात दिलेल्या बहिणीकडं यायला भावाला किती वेळ लागतो? चार घरं ओलांडायची. तू गेल्यावर दोन गोष्टी घडल्या त्या तुला ठाऊक नाहीत. मला गावानं सरपंच केलं आणि धाकट्यानं खोदकामाचं मशीन घेतलं. ते पिवळं धूड तुझ्या म्हशीच्या गोठ्याच्या जागी उभं असतं. आमचं दोघांचं बिनसलं ते ह्याच्यामुळंच.

दिवाळीआधी शेजारची काकू, तुझ्याबरोबर पाझर तलावावर घमेली वाहायची ती, वस्तीतल्या बायांना घेऊन पंचायतीत आली. ऊसतोडीचा ट्रक भाऊबीजेला येणार होता. काकूची सून यंदा पहिल्यांदाच जाणार होती, आणि लहानग्याला सांभाळायला नात शाळा सोडून बरोबर. "रोजगार हमीतनं नाल्याचं काम काढ पोरी," काकू म्हणाली. "काम निघालं तर आमची एक बी बाई ट्रकात चढत न्हाय." मी म्हणाले, बघते काकू. सरपंच झाल्यापासून हा शब्द माझ्या तोंडात फार बसलाय.

त्याच दिवशी दिवेलागणीला धाकटा आला. नेहमीसारखा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला, चहा टाक म्हणाला. "आक्का, नाला माझ्या मशीनवर घे. आठवड्यात खोल करून देतो. बायांच्या हातानं उन्हाळा सरंल तरी व्हायचा न्हाय. पाणी समद्यांच्याच विहिरीला लागंल की." मी विचारलं, आणि बाया ट्रकात जातील त्याचं काय? तो भडकला. "सरकार गहू देतंय, तांदूळ देतंय, खात्यावर पैसं टाकतंय. आता काम बी सरकारनंच द्यायचं? मग मान्सानं सोता काय करायचं? माझ्या रानात सोयाबीन काढायला एक बाई मिळंना!"

माय, त्याचं सगळंच खोटं नव्हतं. आपल्या ह्या उतारावर पडलेलं पाणी थांबत नाही, नाला खोल व्हायलाच हवा. सरकारी कामावर बाभळीखाली बसून दिवस काढणारी माणसंही मी पाहिली आहेत. आणि बोलणारा कोण, तर माझा नवरा गेला त्या साली स्वतःचं रान पडीक ठेवून आधी माझं पेरणारा. त्याला तोंडावर नाही कसं म्हणू? चहा गार झाला, तो न पिताच गेला.

दुसऱ्या दिवशी काकूला मी तेच विचारलं, धान्य तर मिळतंय ना? ती म्हणाली, "गहू हाय घरात. पर गव्हापायी कोन चाललंय? दवाखाना, साळा, लुगडं, हे काय रेशनवर येतंय व्हय?"

मग मी उठून तुझ्या तलावावर जाऊन बसले. पाणी थोडंच होतं. तिथं गेलं की मी आठ-नऊ वर्षांची होते. धाकटा बाभळीच्या झोळीत निजलाय, तू खणतेस, मी त्याच्या तोंडावरच्या माश्या वारतेय. शाळेत गुरुजींनी विचारलं होतं, आई कुठं जाते? मी सांगितलं, दुष्काळी कामावर. सगळेच तसं म्हणायचे. घरी तुला हे सांगते, तर भाकरी थापता थापता तुझा हात थांबतो. "दुष्काळी न्हाय म्हणायचं. हमीचं म्हणायचं. दुष्काळ पडला म्हून कुनी दया केली न्हाय. आमी मागितलं, म्हून त्यास्नी द्यावं लागलं." इतक्या जोरात बोललीस की झोळीतलं पोर उठलं.

आणखी एक आठवतं. किती खोल खणलं ते मोजायला खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खुंट न खणता सोडायचा. मोजणीच्या आधी तू त्या खुंटावर हरळीसकट एक ढेकूळ अलगद बसवलंस. खुंट वीतभर वाढला, म्हणजे मोजणीत खड्डा वीतभर जास्त खोल आणि मजुरीही तेवढी जास्त. माझ्याकडं बघून ओठांवर बोट ठेवलंस. ते मी आजवर कुणाला बोलले नाही. मला वाटायचं, ते आपल्या दोघींतलं आहे.

नाला हातांनी की मशीननं, हे ठरवायला ग्रामसभा पारावर भरली. मी उभी राहिले आणि म्हणाले, पोटाला धान्य आणि मागेल त्याला गावात काम, एवढं सरकारनं द्यायलाच पाहिजे. वर हेही म्हणाले की माझ्या आईनं न राबता एक घास खाल्ला नाही. धाकटा ताडकन उठला. "आक्का, खरं सांग की! खुंटावर ढेकळं कोन ठेवत व्हतं? आपलीच माय. तिनंच सांगितलंय मला, हसून हसून. हमी म्हटली की असलंच चालतंय." लोक हसले. खरं सांगते, त्याच्यापेक्षा तुझाच राग आला मला, त्यालाही सांगितलंस म्हणून.

काकू गुडघ्यावर हात टेकून उठली. "ठेवत व्हतो. तिनं एकलीनं न्हाय, समद्यांनी. मोजणारा खणल्यालं कमी लिवायचा, म्हून आमी ढेकूळ चढवायचो. आन बाबा, तू झोळीत व्हतास. त्याच ढेकळाचं दूध प्यालास तू. ते काम नसतं, तर तुझी झोळी कुठल्या मुलखातल्या झाडाला बांदली असती, ते सांग मला."

कुणी हसलं नाही. मग हात वर झाले, आधी बायांचे आणि मग गड्यांचेही. नाला हातांनीच खोल करायचा ठरला. धाकट्यानं टोपी झटकली आणि माझ्याकडं न बघता निघून गेला.

आज सकाळी ट्रक आला. बराच वेळ भोंगा वाजवला आणि शेजारच्या गावची माणसं घेऊन गेला. आपल्या वस्तीतलं कुणी चढलं नाही. काकूची नात दारात उभी राहून बघत होती. आणि मला धडकी भरली आहे, माय. वरची मंजुरी अजून आलेली नाही. हमी म्हणतात, पण मंजुरी यायला वेळ लागतो. लांबली तर या बायांना ट्रकही नाही अन् कामही नाही, आणि त्यांना मीच थांबवलंय.

मगाशी बाहेर मशीनचा आवाज आला. मी निरांजन पेटवून दारापर्यंत गेले. धाकटा न थांबता पुढं गेला. हा कागद मी कुठं पाठवणार, चुलीतच जाईल. पण एक कबूल करते. काम हे मागून घ्यायचं असतं, तो हक्क आहे, हे मी पारावर सगळ्यांना ओरडून सांगितलं. चार घरं ओलांडून भावाच्या दारात जाऊन 'ये' म्हणायला मात्र माझी जीभ रेटत नाही. मी ताटावरचं झाकण काढलं नाही अजून.