बाबांच्या बंदुकीवरची दुर्बीण

तीर्थरूप लेम्पीआत्या,

हेल्मीचा वाकून नमस्कार, आणि आपल्या वाफेच्या न्हाणीघरातल्या, म्हणजे सौनातल्या सगळ्यांत वरच्या फळीचाही. तुझी तिथली जागा अजून कुणी घेतलेली नाही, आम्ही तिच्यावर फक्त पाण्याची बादली ठेवतो. तुझे गुडघे कसे आहेत? फ्लोरिडाच्या उन्हात ते लोण्यासारखे वळतात असं तू नाताळच्या कार्डावर लिहिलं होतंस. ते आठवून परवा दारातला बर्फ उपसताना मला तुझा इतका हेवा वाटला की फावडं तिथेच टाकून मी कॉफी प्यायला आत गेले. इकडे सगळं ठीक. बाबाही ठीक, म्हणजे जेवतात, झोपतात, रेडिओवरच्या हवामानवाल्याला नावं ठेवतात. एका डोळ्याचा मोतीबिंदू वसंतात काढला, दुसऱ्याचा नंबर यायचाय.

पण आत्या, शिकारीचा मोसम उघडायचा पंधरा नोव्हेंबर तोंडावर आलाय आणि बाबांनी हरणांचा विषयसुद्धा काढलेला नाही. मागच्या मोसमात सीडरच्या झाडांच्या दलदलीतल्या, लपून बसायच्या त्यांच्या खोपटातून त्यांनी चाळीस पावलांवरचा शिंगवाला नर चुकवला, आणि त्या रात्री शिकारीच्या कॅम्पवर जेवताना तू म्हणालीस, "रेनो, तुझ्यापुढे गोठा आणून ठेवला तरी तुझी गोळी शेजाऱ्याच्या गोठ्याला लागायची." सगळे हसले. बाबाही हसले, आणि सगळ्यांच्या आधी झोपायला गेले. तेव्हापासून त्यांनी तुला फोन केलेला नाही, आणि तूही नाही. (मी कुणाला दोष देत नाही. तुम्हा दोघा भावंडांची डोकी एकाच खाणीतून काढलेली आहेत आणि ती खाण अजून चालू आहे.) घरी आल्यावर त्यांनी बंदूक कपाटात, तू इथेच टाकून गेलेल्या लोकरीच्या कोटामागे ठेवून दिली. "यंदापासून मी नाही," म्हणाले. "कॅम्पवर चूल पेटवायला माणूस लागतो, तर तो दुकानवाला ऑन्नी आहे." एवढंच. पण रोज संध्याकाळी ते कपाट उघडून टोपी शोधतात. टोपी डोक्यावरच असते.

मी ठरवलं, बाबांना या वर्षी त्या खोपटात बसवायचंच. त्यांना हरीण दिसतं, अडचण बंदुकीची आहे. नेम धरायचा नळीच्या टोकाचा तो बारीक दाणा, अलीकडची खाच आणि पलीकडचं हरीण, अशा तीन गोष्टी एकदम स्पष्ट बघायला अठ्ठ्याहत्तर वर्षांचा डोळा तयार नाही. दुर्बीण लावली की बघायची गोष्ट एकच उरते. बाबांचं दुर्बिणींबद्दलचं मत तुला माहीत आहेच. ("काचेतून हरीण बघायचं तर टीव्ही काय वाईट? शिवाय तिथे पाय गार पडत नाहीत.") म्हणून त्यांना न विचारता शोधायची ठरली. आणि पैसे म्हणशील, तर चर्चच्या विक्रीत बटाटा-मांसाचं सारण भरून भाजलेल्या माझ्या पास्ट्यांचे जमलेले दीडशे डॉलर.

दीडशे डॉलरमध्ये दुर्बिणी खूप मिळतात, हाच पहिला घोटाळा. मी टपालाने मागवली ती सगळ्यांत मोठ्या आकड्याची. चोवीस पट मोठं दाखवणारी, आणि ती चार पटवालीपेक्षा स्वस्त! मला वाटलं, दुकानदार वेडा आहे. बाबा कॉफीला शेजारी गेले की मी कोटामागून बंदूक काढायची आणि ऑन्नीच्या दुकानात न्यायची, कधी एक-दोन दिवस तिथेच ठेवायची, असा धंदा सुरू झाला. (ऑन्नी म्हणजे तोच, तुझ्याशी एकदा नाचताना तुझ्या पायावर उभा राहिलेला. आता बंदुका, माशांची आमिषं आणि लोकरी मोजे विकतो.) बंदुकीच्या पाठीवरचे ते चार छोटे स्क्रू आठवतात? बाबा चाळीस वर्षं ते नक्षी समजून तेल लावून चमकवतायत. ऑन्नीने ते काढले तर खाली दुर्बीण बसवायचीच भोकं! तो हसून हसून स्टुलावरून घसरला.

मग आम्ही जुन्या खडीच्या खाणीत गेलो. चाळीस पावलांवर ऑन्नीने पुठ्ठ्याचं हरीण उभं केलं, मी चोवीस पटीतून बघितलं तर नुसतं तपकिरी. "काय दिसतंय?" ऑन्नीने विचारलं. मी म्हटलं, "एक तर हरीण आहे, नाही तर तुझा स्वेटर." नीट दिसावं म्हणून मी डोळा काचेला अगदी चिकटवला आणि चाप ओढला. आत्या, बंदुकीने मागे जो धक्का दिला, तो दुर्बिणीच्या कडेने थेट माझ्या भुवईला पोचवला. स्वच्छ, गोल, रक्ताचा अर्धा चंद्र! ऑन्नी म्हणाला, "सांगायचंच राहिलं बघ, स्वस्त काचेच्या जवळ जावं लागतं आणि जवळ गेलं की ती चावते." रविवारी चर्चमध्ये मी केस भुवईवर ओढून बसले होते, पण आपल्या गावात हा चंद्र कुणाला कळत नाही? पाद्रीबाईंनी हात हातात घेऊन प्रेमाने विचारलं, "कितवी गोळी होती गं?" आणि स्वतःच्या भुवईवरचा जुना दाखवला. बाबांना मी कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं. ते माझ्या भुवईकडे बघून म्हणाले, "दारं आता गोल करतात वाटतं."

ती दुर्बीण कंपनीने परत घेतली. (मी रक्त पुसून पाठवली होती.) दुसरी मात्र ऑन्नीनेच दिली, ऐंशी डॉलरची, छान, हलकी. खाणीत सगळ्या गोळ्या पुठ्ठ्याच्या हरणाला लागल्या, निदान त्याच्या पायांना तरी. त्या दिवशी ओला बर्फ पडला. घरी आल्यावर बंदूक कुठे वाळवायची? आत्या, तूच सांग, तुझ्या-माझ्या जन्माआधीपासून आपल्या घरात भिजलेली बंदूक कुठे टांगतात? सौनाच्या बाहेरच्या खोलीत, खिळ्यावर, टॉवेलांच्या शेजारी. मी टांगली. शनिवार होता. शेजारपाजारचे येऊन, बर्चच्या ओल्या डहाळ्यांनी अंग झोडत मनसोक्त वाफ घेऊन गेले, दार उघडं-बंद होत राहिलं. (बाबा तेव्हा आतच होते, त्यामुळे मी बंदुकीवर चार टॉवेल टाकले होते, म्हणजे तिला वाफेचं स्नानच घातलं.) सकाळी दुर्बिणीतून बघितलं तर आत धुकं, धुक्यात पाण्याचे थेंब. फक्त मासे सोडायचे बाकी होते. मी ती ऑन्नीपुढे ठेवली. त्याने आत बघितलं, हुंगून बघितलं आणि म्हणाला, "बर्चच्या पानांचा वास येतोय. हेल्मी, गिऱ्हाइकांनी दुर्बीण पाण्यात पाडलेली मी बघितली आहे, पण सौनात बसवलेली ही पहिलीच."

खरं सांगू, त्या दिवशी मी दुकानातच रडले. दुर्बिणीसाठी नाही. कपाटापुढे टोपी शोधणारा माणूस आठवून. ऑन्नी रडणाऱ्या बाईपुढे अगदी निरुपयोगी आहे. त्याने मला मोज्यांचा एक जोड दिला, मग आत जाऊन बराच वेळ खडखडाट केला आणि एक जुनी दुर्बीण घेऊन आला. चार पट, फिरवायला काही नाही, रंग उडालेला, पण कड घट्ट आणि काच संध्याकाळच्या उजेडातही स्वच्छ. कुणीतरी मोठ्या आकड्याची घेताना बदल्यात टाकून गेलं होतं. डोळा चार बोटं लांब ठेवला तरी सगळं चित्र दिसतं. बुडालेली ऐंशी डॉलरची त्याने सुट्या भागांसाठी ठेवून घेतली, उरलेले सत्तर आणि थंडीभर दर शुक्रवारी एक पास्टी, असा सौदा ठरला. (शुक्रवारी स्वतःच न्यायला येणार म्हणतो. यातून तू काही अर्थ काढू नकोस.)

आत्ता मी हे लिहितेय आणि बाबा स्वयंपाकघराच्या खिडकीशी बसलेत. गोळी आत सरकवायचा बोल्ट काढून ठेवलेली रिकामी बंदूक उशीवर टेकवली आहे आणि दुर्बिणीतून अंगणापलीकडचा बर्च बघतायत. मघाशी म्हणाले, "सुतारपक्षी आहे." मग जरा वेळाने, हळूच, "अगं, याच्या डोक्यावर लाल आहे." मी कांदा चिरत नव्हते, तरी मला तोंड फिरवावं लागलं. ते पंधरा तारखेला जाणार आहेत. लोकरी पँट बाहेर काढली आहे, तिला कसरीने केलेली भोकं मी शिवतेय.

तब्येतीला जप. उन्हात टोपी घाल.

तुझी,
हेल्मी

ता. क. आत्या, बाबा दुर्बिणीला तयार कसे झाले, हे सांगायचं राहिलं. मी ती खोक्यात घालून त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हटलं, लेम्पीआत्याने पाठवली आहे. त्यांनी खोकं उघडलं आणि काच बाहीला पुसली. मग म्हणाले, "लेम्पीला कसं कळलं, मला तो दाणा दिसत नाही ते?" आजवर त्यांनी हे कुणालाही सांगितलं नव्हतं. रविवारी चर्चनंतर ते तुला फोन करणार आहेत. कृपा करून उचल, "आवडली का रे?" एवढंच विचार, आणि गोठ्याचं नाव काढू नकोस. हे पत्र खरं तर एवढ्याचसाठी.

दुसरा ता. क. पाकीट चिकटवत होते, तर बाबा मागून म्हणाले, "लेम्पीला खोटं बोलायला लावू नकोस, तिला ते कधीच जमलं नाही. मी रोज कपाट उघडत होतो. बंदूक एक दिवस असायची, दोन दिवस नसायची, आणि तुझ्या भुवईवर चंद्र. एवढं कळायला दुसरा डोळा कशाला लागतोय?" मी विचारलं, मग फोन? "फोन करणारच. वर्षभर काही कारणच सापडत नव्हतं." आणि दारापर्यंत जाऊन परत फिरले. "आणि तिला लिही, ऑन्नीला काही चूल पेटवता येत नाही. कॅम्पवर माणूस लागतो. तिचा कोट इथेच आहे."