वजन करून घेतलेला पॉवर सप्लाय

मी, खाली सही करणारी, वय चोपन्न, शिक्षण चौथीपर्यंत, धंदा जळलेल्या विजेच्या मोटारी आणि पंखे तांब्याच्या तारेने पुन्हा भरून देणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. कोणी धाक दाखवलेला नाही. दाखवायला घरात कोणी नाहीच. वकिलाने दोन वाक्यं सांगितली, बाकी माझं.

१. खालचं दुकान, वरची खोली आणि बँकेतलं सगळं माझ्या मुलीला, म्हणजे ठिणगीला. यावर कोणी चर्चा करू नये.

२. दिराला काही नाही. नवरा गेला तेव्हा तो म्हणाला, "वहिनी, बाईच्या हातची मोटार कोण घेणार? दुकान मला द्या." त्याच्या बैठकीतला पंखा मीच भरलाय, अकरा वर्षं फिरतोय. तोच त्याचा वाटा.

३. शेजारच्या शिवणवालीला माझी मोठी कात्री द्यायची होती. साक्षीदाराला काही देता येत नाही म्हणे, म्हणून आजच देऊन टाकली.

४. वरच्या खोलीतला गेम खेळायचा कॉम्प्युटर ठिणगीचा. तो आधीही तिचाच होता. दोन वर्षं पैसे साठवून तिने एकेक भाग आणला होता. पॉवर सप्लाय, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, तेवढा राहिला होता. तिने कागदावर कंपनी आणि वॅट लिहून दिले. मी म्हटलं, "विजेतलं मला शिकवू नकोस." बाजारात तिच्या कागदावरचा एका हातात घेतला, दुसऱ्या कंपनीचा दुसऱ्या हातात. दुसऱ्या कंपनीचा जड लागला. जड म्हणजे आत तांबं जास्त, हे मी जन्मभर मानत आले. तोच आणला.

तिसऱ्या दिवशी तो उडाला आणि मदरबोर्ड, ग्राफिक्स कार्ड घेऊन गेला. उघडून पाहिलं तर आत लोखंडाची पट्टी, नुसती वजनाला चिकटवलेली. ठिणगी म्हणाली, "आई, वॅट वाचायचे असतात गं. वजन कसलं करतेस?" तेव्हा चूक कबूल करायची सोडून मी म्हटलं, "खेळण्यासाठी काय रडतेस एवढी?" महिन्याभरात तिने लांबची नोकरी धरली. चार वर्षं झाली. फोनवर म्हणते, "बरी आहेस ना? ठेवते."

५. तो कॉम्प्युटर मी पुन्हा उभा केलाय. कॉम्प्युटर दुकानदार चष्मेवाल्याने डोकं पिकवलं, पण शिकवलं. सगळ्या भागांची भूक मिळून साडेपाचशे वॅट होते; मी साडेआठशेचा सप्लाय घेतला, कारण कायम पूर्ण ओझ्यावर चालणारं काहीही लवकर जळतं. या वेळी त्याच्या लेबलवरचं एकेक अक्षर बोट ठेवून वाचलं. हातात तोललासुद्धा नाही.

आतले भाग थंड ठेवायला तिला पंपाने पाणी फिरवणारा कूलर हवा होता. तो मी घेतलेला नाही. पंखा बिघडायच्या आधी वाजतो, कुरकुरतो, माणसाला कळतं. पंप गप्प राहतो आणि एक दिवस बंद पडतो. गप्प राहणाऱ्यांचा मला वीट आलाय. म्हणून पुढे दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. पटत नसेल तर तिने येऊन बदलावेत.

तिची जुनी डिस्क तेव्हा जळण्यातून वाचली होती, तीच आत लावली आहे. दर रविवारी मी बटण दाबते. पंखे फिरतात, पडद्यावर तिचं नाव येतं आणि खाली पासवर्ड मागतात. तो मला माहीत नाही. चष्मेवाला म्हणाला, "मावशी, मी उघडून देतो." मी हाकलला. थोडा वेळ पंख्यांचा आवाज ऐकते आणि बंद करते.

६. लोखंडाची ती पट्टी माझ्या टेबलावर आहे. तीही ठिणगीला. फेकायची असेल तर तिने स्वतः फेकावी.

७. मृत्युपत्र माणूस गेल्यावर उघडतात म्हणे. तोवर कोण थांबणार? याची नक्कल चष्मेवाल्याने ठिणगीला आजच पाठवावी. ठिणगे, घाबरू नकोस, मला काहीही झालेलं नाही. चूक माझी होती. रविवारी मी घरीच असते.

सही (अंगठा नव्हे)

साक्षीदार:
चष्मेवाला, कॉम्प्युटर दुकानदार. पूर्ण वाचून सही केली.
शिवणवाली, शेजारीण. कात्री मिळाली.

ठिकाण: माझं दुकान
तारीख: १२ ऑक्टोबर, रविवार