मौनाचं पारितोषिक आणि धाकटीचा आवाज

मी, खाली सही करणारा, वय त्रेपन्न, व्यवसाय चित्रपट दिग्दर्शन (वकिलांनी तिथे ‘काही नाही’ लिहायला सुचवलं होतं), हे मृत्युपत्र स्वखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. शुद्धीचा दाखला डॉक्टरांनी दिला. त्यांनी माझा एकही चित्रपट पाहिलेला नाही, तेव्हा तो निःपक्षपाती मानावा.

१. राहतं घर बायकोचं, तिच्या नोकरीवर उभं राहिलेलं. जे माझं नाही ते तिला देण्याचा आव मी आणत नाही. माझी पोस्टरं मात्र तिने ठेवावीत. पाठकोरी आहेत, कपाटाच्या खणांत अंथरायला बरी.

२. ट्रायपॉड माझा मित्र ‘लाँगशॉट’ याला. रिकाम्या रस्त्यावरून म्हातारा चालतो आणि कॅमेरा अकरा मिनिटं जागचा हलत नाही, असे सहा चित्रपट त्याने केले. त्याच्याकडे ट्रायपॉड सुखात राहील.

३. प्रादेशिक महोत्सवांत गळ्यात घालायला मिळालेली एकतीस ओळखपत्रं ज्याची त्याला परत करावीत. सकाळी साडेनऊचा खेळ, प्रेक्षक चौदा. त्यातले अकरा त्याच खेळातले दिग्दर्शक, आपला चित्रपट संपला की चहाला पसार. उरलेले तिघं कुणाचे तरी नातेवाईक. चर्चेत प्रश्न एकच, “कॅमेरा कुठला वापरलात?” याला आम्ही चळवळ म्हणत आलो. माईक हातात आला की मीही म्हणायचो.

४. ‘मौनाच्या धाडसी वापरासाठी’ मिळालेलं काचेचं सन्मानचिन्ह परीक्षकांना परत. याबद्दल सविस्तर लिहिणं भाग आहे.

तो चित्रपट आईच्या शिवणकामावरचा, चाळीस मिनिटांचा. ध्वनी माझ्या धाकट्या बहिणीचा. चौदा महिने ती आईच्या खोलीत माईक घेऊन बसली. मशीनचं पायडल, कात्री, दातांनी तोडलेला दोरा, आणि आईचं गुणगुणणं. रेकॉर्डिंग संपल्यावर वर्षभरात आई गेली. तिचा आवाज आता तेवढाच शिल्लक आहे.

महोत्सवात ऑपरेटर आवाज चालू करायला विसरला. दुसऱ्याच मिनिटाला धाकटी उठली. मी तिचं मनगट धरलं.

“दादा, आवाज नाहीये!”

“थांब गं, लोक बघतायत.”

खरंच बघत होते. चहाला कोणी उठलं नाही. संध्याकाळी परीक्षक स्टेजवरून म्हणाले, “या शांततेत मला आईचा आक्रोश ऐकू आला.” आई आयुष्यात आक्रोश करणाऱ्यातली नव्हती. गिऱ्हाइकांना सुनावायची.

धाकटी कानाशी आली. “दादा, आता तरी सांग.”

“आत्ता नको, फोटो काढतायत.”

त्याला नऊ वर्षं झाली. मौन या विषयावर मी चार शिबिरांत व्याख्यानं दिली. धाकटी आता इमारतींच्या लिफ्टसाठी सूचना रेकॉर्ड करते. तिचा आवाज तिथे कोणी बंद करत नाही.

५. मूळ ध्वनिपट्टी आणि चित्रपटाचे सर्व हक्क धाकटीला. माझ्या मृत्यूनंतर तो आवाजाशिवाय कुठेही दाखवू नये.

हे कलम मी तिला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, “मेल्यावर खरं बोलणार तू? वा रे दादा! तोंड आहे ना अजून?”

त्याच महोत्सवात येत्या शनिवारी या चित्रपटाचा विशेष खेळ आहे. आयोजकांना मी कळवलं की आवाजासकट दाखवा. ते म्हणाले, “सर, मौन हीच तर त्याची ओळख! पत्रिका छापून झाल्यात.”

तेव्हा कलम ४ आणि ५ मरणाची वाट न पाहता अमलात यावीत. हक्कांच्या कागदांवर आज सकाळी सही केली. शनिवारी खेळाआधी मी स्टेजवर जाऊन झालेला प्रकार सांगेन आणि सन्मानचिन्ह परीक्षकांच्या हाती देईन. चित्रपट लावायचा की नाही, हे धाकटी ठरवेल. ती येईन म्हणालेली नाही. फक्त खेळ किती वाजता आहे, ते विचारलं.

वरील मजकूर मी स्वतः लिहिला व दोघांसमोर मोठ्याने वाचला.

सही : दिग्दर्शक
साक्षीदार १ : शेजारचे दंतवैद्य
साक्षीदार २ : त्या दिवशीचा ऑपरेटर (सही करताना म्हणाला, “शनिवारी मी तासभर आधी जाऊन आवाज तपासतो.”)
स्थळ : जेवणाचं टेबल
दिनांक : ११ मार्च, मंगळवार